दुसऱ्या हाताचा पट्टा

गोलकीपरचे ग्लोव्ह्ज एकटीने घालता येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते कधी घातलेले नसतात. पहिला सोपा असतो. मोकळ्या हाताने मनगटावरचा पट्टा ओढायचा, चिकटवायचा, झालं काम. खरी पंचाईत दुसऱ्याची. ओढायचा हातच आता जाडजूड फोममध्ये अडकलेला असतो. बोटं असतात, पण चिमूट होत नाही. मग बहुतेक कीपर पट्ट्याचं टोक दातात धरतात आणि मान हिसडून ओढतात. कुत्र्याने चप्पल ओढावी तसं दिसतं ते.

आमच्या सरांना हे अजिबात खपायचं नाही. औरंगाबादेत छावणीच्या बाजूला मुरमाचं एक मैदान होतं, तिथे आमचा मुलींचा फुटबॉल क्लब खेळायचा आणि सर आम्हाला शिकवायचे. ते स्वतः जुने कीपर, पुढचा एक दात खोटा. त्यांनी एक नियम करून ठेवला होता. मॅचमध्ये जी गोलवर उभी राहणार नाही, तिने उभी राहणारीच्या दोन्ही हातांचे पट्टे बांधायचे, तिला वॉर्मअप द्यायचा आणि मग बाकावर जाऊन बसायचं. म्हणजे जिने तुमची जागा पटकावली, तिला आपल्याच हाताने सजवून पाठवायचं.

"कीपर दोन असत्यात अन् जागा एक," सर म्हणायचे. "त्या दोघींचं फाटलं की गोल झालाच म्हणून समजा."

मला हा नियम तेव्हा छान वाटायचा, कारण माझ्या जागेला तोवर कुणी हात लावलेला नव्हता. पट्टे बांधून घेणारी मी होते. मग ती आली.

ती शहागंजची. तिच्या अब्बांचं तिथे कुकर आणि स्टोव्हच्या सुट्या भागांचं दुकान होतं. शिट्ट्या, बर्नर, आणि दारावर दोरीला ओवून टांगलेल्या काळ्या रबरी रिंगा. भावांच्या घोळक्यात वाढलेली, त्यांच्याबरोबर गल्लीत खेळलेली. गल्लीत पोरं तिला गोलवर उभी करायची आणि गोल म्हणजे कुणाच्या तरी दुकानाचं शटर, त्यामुळे बॉल पुढे येऊन पायानेच अडवायचा ही सवय. माझ्यापेक्षा वर्षाने लहान आणि चांगली वीतभर बुटकी. मी उंच, लांब हातांची, समर्थनगरातल्या नोकरदार ब्राह्मण घरातली. आजोबा पूजा सांगायचे, वडील विम्याच्या कचेरीत, आणि घरातून खेळाडू निघालेली मी पहिलीच. डोक्यात हवा भरपूर होती.

पहिल्याच दिवशी तिने माझा सराव बघितला आणि शेजारच्या मुलीला, मला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाली, "लंबी है, पण बॉल पायाशी आला की घाबरती."

खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

पहिला सीझन आम्ही कामापुरतंच बोललो. सर ज्या दिवशी तिला खेळवायचे, त्या दिवशी मी तिचे पट्टे असे करकचून आवळायचे की तिची बोटं बधिर व्हावीत. ती हूं की चूं करायची नाही. माझी पाळी आली की ती पट्टा नुसता टेकवून ठेवायची. जालन्याच्या एका टीमविरुद्ध मी बॉल बुक्कीने परतवायला उडी मारली, तर बॉल राहिला बाजूला आणि माझा ग्लोव्ह उडून लांब जाऊन पडला. अख्खं मैदान हसलं. बाकावर बसलेली ती मात्र हसत नव्हती. मॅच संपल्यावर जवळ आली आणि म्हणाली, "इतकं नव्हतं करायचं मला."

"मग किती करायचं होतं?"

तिने खरंच विचार केला. "थोडं," म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. माझ्या मनात नसताना मलाही फुटलं. तेव्हापासून पट्टे नीट बांधले जाऊ लागले.

ज्यांनी खेळ फक्त बाहेरून पाहिलाय त्यांना कळणार नाही, पण एका टीममधल्या दोन कीपर एकमेकींना जितकं ओळखतात तितकं घरातलं माणूसही ओळखत नाही. बाकीच्या मुली मैदानभर पळत असतात आणि आम्ही दोघी कोपऱ्यातल्या गोलपाशी. ती मारणार, मी अडवणार. मग मी मारणार, ती अडवणार. ती डावीकडे खाली आलेल्या बॉलला कचरायची. कितीही दडवलं तरी मला ते दिसायचं, कारण बॉल यायच्या आधीच तिचा डावा खांदा आखडायचा. मॅचआधी वॉर्मअप देताना मी एक क्रम लावला होता. आधी उजवीकडे सोपे, छातीच्या उंचीवर. मग समोर. मग हात गरम झाले, तोंडावरचा ताण गेला की डावीकडे, तोही अलगद, खाली, सरकता. डावीकडून सुरुवात केली तर तिचा सगळा दिवस वाया जायचा. हे सरांनाही माहीत नव्हतं. आणि माझ्याबद्दलचं असं काय काय तिला माहीत होतं ते मला अजूनही ठाऊक नाही.

माझं बोट निखळलं ते तिच्याच किकने. तिने मला स्कूटीवर मागे बसवलं आणि औरंगपुऱ्यात हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत प्रत्येक रिक्षावाल्याचा तिने दखनीत उद्धार केला, पण आवाज रडवेला होता. डॉक्टरांनी बोट ओढून जागेवर बसवलं तेव्हा मी ओरडले नाही. ओरडली ती. डॉक्टर वैतागून म्हणाले, "पेशंट कोण आहे नक्की?"

एका हाताने वेणी घालता येत नाही. आई सकाळच्या शाळेत शिकवायची, ती उजाडताच बाहेर पडायची. वडिलांना वेणी म्हणजे काय एवढंच माहीत. बोट बरं होईपर्यंत ती रोज सकाळी मैदानावर जायच्या आधी आमच्याकडे यायची आणि माझी वेणी घालायची. मला गोलवर उभं राहता येत नव्हतं, त्यामुळे जागा आता तिची होती, आणि तरी येऊन माझे केस विंचरत होती. तिच्या बोटांना दुकानातल्या रबराचा वास असायचा. केस ओढले की मी चिडायचे, ती म्हणायची, "गप बस ना, बाई. कित्ता नखरा." एका सकाळी वेणी संपली, रबर लावून झालं, आणि तिचा हात माझ्या मानेवरच राहिला. मी हलले नाही. तिनेही काढला नाही. स्वयंपाकघरातून वडील म्हणाले, "चहा झाला गं," तेव्हा आम्ही दोघी उठलो.

मला ती आवडते हे मला त्या सकाळी कळलं. मैत्रीण आवडते तशी नाही. ती मैदानावर उशिरा आली तर माझा सगळ्यांवर राग निघायचा, आणि तिने दुसऱ्या कुणाचे केस बांधले असते तर मी ते केस कापून टाकले असते. मी भांडकुदळ बाई आहे, मला जे हवं ते मी घरी ओरडून मिळवत आले होते. पण हे कुणापाशी मागायचं तेच समजेना. हे तिला सांगावं, तर ती उद्यापासून आली नाही तर? आणि सांगून ती म्हणाली, मलाही, तर पुढे काय? या दुसऱ्या प्रश्नाची मला जास्त भीती वाटायची.

आमच्या घरांनी आमच्या वाटेत काही आणलं असतं तर निदान भांडायला सोय झाली असती. तसं काहीच नव्हतं. तिच्या अम्मी ईदला माझ्यासाठी शीरखुर्मा वेगळा काढून ठेवायच्या. माझी आई तिला थालीपीठ वाढताना लोण्याचा गोळा माझ्यापेक्षा मोठा द्यायची आणि म्हणायची, "तुमची मैत्री बघून किती बरं वाटतं." आई हे इतक्या मनापासून म्हणायची की मी खाली बघून खात राहायचे. मैत्री या एका शब्दात आमचं सगळं मावत होतं. एकत्र येणं-जाणं, एका ताटात खाणं, तासन्तास फोन. त्याच्या बाहेर पाऊल टाकायला मात्र जागा नव्हती. आई माझ्यासाठी स्थळं बघायला लागली होती आणि तिच्या घरात तिच्या फुफूच्या, म्हणजे आत्याच्या, मुलाचं नाव अधूनमधून निघायचं.

सर आम्हाला कधीमधी दौलताबादच्या रस्त्याला पळवायला न्यायचे. एकदा परत फिरायच्या आधी आम्ही दोघी किल्ल्याच्या पायथ्याशी, पेरूच्या गाड्यामागे सावलीत बसलो होतो. ती पेरूला तिखट-मीठ लावून अर्धा मला देत होती.

"तुला काही बोलायचंय का?" तिने एकदम विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "तुला?"

"नाय."

मग बराच वेळ आम्ही पेरू खाल्ला. बी दाताखाली कडकड वाजत होती. ती उठली, तिने मला हात देऊन उठवलं आणि हात जरा उशिरा सोडला. आमच्यात जे काही बोलणं झालं ते एवढंच.

पुढच्या सीझनमध्ये माझं बोट बरं झालेलं होतं आणि आमची भांडणं पुन्हा सुरू झाली होती. जागा एकच होती, दोघींना हवी होती, आणि प्रेमात पडलं म्हणून कुणी जागा सोडत नाही. त्याच सुमाराला सरांनी सांगितलं की बाहेरच्या शहरातल्या एका व्यावसायिक क्लबच्या प्रशिक्षक बाई आमची मॅच बघायला येणार आहेत. त्यांना एक कीपर हवी होती. करार, हॉस्टेल, मोठ्या लीगमध्ये खेळणं. आमच्या मैदानावरून असं कुणी कधी गेलं नव्हतं.

"पहिला हाफ ती, दुसरा हाफ तू," सर मला म्हणाले. "रडारड नको. दोघींना सारखंच बघत्याल."

त्या सकाळी मी तिचे पट्टे बांधले. आधी उजवा, मग डावा. तिची मनगटं थंडगार होती. मी तिला वॉर्मअप दिला आणि देता देता माझ्या लक्षात आलं, मी काय करत होते ते. मी जितकं नीट करीन तितकी ती चांगली खेळणार होती, आणि जितकी चांगली खेळेल तितकी लांब जाणार होती. वाईट करणं सोपं होतं. डावीकडून सुरुवात करायची, बस. पण हाताला क्रमाची सवय झालेली. उजवीकडे, समोर, मग डावीकडे, अलगद. तिचा खांदा आखडला नाही. मी बाकावर जाऊन बसले. हाफ संपत आला तेव्हा विरुद्ध टीमच्या मुलीने डावीकडे खाली सणसणीत मारला, तिने तो झडप घालून पोटाशी धरला, आणि उठायच्या आधी बाकाकडे पाहिलं. आनंद झाला म्हणून आणि रडू येईल म्हणूनही मला डोळे मिटून घ्यावे लागले.

मध्यंतरात तिने माझे पट्टे बांधले. खाली मान घालून बांधता बांधता म्हणाली, "तूच जा. मी नाय जात."

"पट्टा बांध," मी म्हटलं.

"ऐक ना."

"बांध पट्टा. शिट्टी होईल."

मला वाटलं होतं मी वाईट खेळेन. चांगलं खेळायचं की नाही हेही ठरवलेलं नव्हतं. पण बॉल आला की हात आपले जातात, ते विचारत नाहीत. मी चांगली खेळले. जन्मात खेळले नाही इतकी चांगली. एकही गोल जाऊ दिला नाही, आणि मॅच संपल्यावर त्या बाई सरांशी बोलत होत्या तेव्हा माझं मलाच कळत नव्हतं की मी काय मागतेय. मला घेतलं तर मी जाणार, तिला घेतलं तर ती जाणार.

बाईंनी तिला निवडलं. कारण सांगितलं ते ऐकून मला हसूच आलं. हात दोघींचे सारखे आहेत म्हणाल्या, पण हल्ली कीपरला पायाने खेळता आलं पाहिजे, आणि हिचे पाय छान आहेत. एवढी वर्षं आम्ही हातांवरून भांडलो आणि निकाल शहागंजच्या गल्लीने लावला.

तिच्या घरी मात्र अडलं. मुलगी एकटी, परक्या शहरात, हॉस्टेलवर. अम्मी रडायच्या. अब्बांनी मला दुकानात बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा ती मागच्या बाजूला कुकरचं झाकण पुसत होती. माझ्याकडे पाठ होती.

"बैठो बेटा," अब्बा म्हणाले. स्टुलावरचं खोकं त्यांनी स्वतः उचलून खाली ठेवलं. "तुम दोनों का एकीच खेल है. उन्हों ने इसकू लिया, तुमकू नहीं लिया. इसके जाने में तुम्हारा कुछ फायदा नहीं. इस वास्ते तुमकूच पूछता हूं. तुम झूठ नहीं बोलोगी. भेजूं क्या?"

ते हिशेबी माणूस होते, आणि त्यांनी आपल्या परीने चोख विचार केला होता. जिचं नुकसान झालंय ती खरं सांगेल. माझं नुकसान नक्की कोणतं, एवढंच त्यांना माहीत नव्हतं. मागे झाकण पुसायचा आवाज थांबला होता. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. मी नक्को म्हटलं असतं तर ती राहिली असती. अब्बांनी माझा शब्द मोडला नसता. ती रोज मैदानावर आली असती, आम्ही रोज एकमेकींचे पट्टे बांधले असते, फुफूच्या मुलाशी तिचं लग्न लागेपर्यंत.

"भेजो अब्बा," मी म्हटलं. "बहुत अच्छी खेलती है."

ते मान हलवत राहिले. मग त्यांनी चहा मागवला. ती पाठमोरीच होती, आणि पुसून झालेलं झाकण तिने पुन्हा पुसायला घेतलं.

ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली. शहागंजच्या घड्याळापाशी थांबलो, गर्दी इतकी की धक्के बसत होते.

"तू नाय म्हणली असती तर मी राहिले असते," ती म्हणाली.

"माहितीय."

"मग?"

"राहिली असतीस, आणि मग काय केलं असतं?"

तिने उत्तर शोधून पाहिलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, तिला सापडेल म्हणून. खरंच वाट बघत होते, कारण माझ्याकडे नव्हतं. ती हुशार होती, माझ्यापेक्षा धीट होती, तिला सापडलं असतं तर मी ऐकलं असतं. पण ती म्हणाली, "रिक्षा आली बघ."

स्टेशनवर सकाळी दोन्ही घरं आली होती. आईने चिवडा दिला, अम्मींनी माझ्या आईला मिठी मारली, आणि आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अशी मैत्री हल्ली बघायला मिळत नाही हो." अब्बांनी हौ हौ म्हणून मान डोलावली. तिने निघताना हात पुढे केला. मी हातात हात न घेता मनगट धरलं, जिथे पट्टा येतो तिथे. भाऊ म्हणाला, गाडी सुटते, आणि मी सोडलं.

नंतर पुष्कळ दिवस फोन यायचे. मग ईदला आणि दिवाळीला. ती विचारते, कशी आहेस, मी म्हणते मजेत. मी खेळ सोडला, आता वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. लग्न केलं नाही. आईने स्थळं आणणं थांबवलंय, माझ्या नकाराचं कारण तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ती आता लीगमध्ये पहिली कीपर आहे. निवेदक तिचं नाव घेतात तेव्हा छत्रपती संभाजीनगरची म्हणून सांगतात, आणि अब्बा दुकानात टीव्हीसमोर बसून हमारी औरंगाबाद की म्हणतात.

तिच्या मॅच मोबाईलवर दिसतात. परवा जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये लावली होती. मॅच सुरू व्हायला वेळ होता आणि कॅमेरा मैदानावर फिरत होता. एक नवी मुलगी तिला वॉर्मअप देत होती आणि ती पहिल्यापासून डावीकडेच मारत होती. "अगं, आधी उजवीकडे," मी म्हटलं, मोठ्याने. टेबलावरच्यांनी वर पाहिलं. मोबाईलमधल्या त्या परक्या पोरीला ऐकू जाणार नव्हतं. तिचा डावा खांदा आखडलेला मला इथून दिसत होता आणि मी पोळीचा तुकडा हातात धरून बसले होते.

मग ती वाकली आणि तिने एक ग्लोव्ह काढून पुन्हा घातला. पट्टा सुटा लोंबत होता. नव्या मुलीने ते पाहिलं आणि चांगल्या मनाने, बांधून द्यायला हात पुढे केला. तिने मान हलवून नको म्हटलं. हात मागे घेतला, पट्ट्याचं टोक दातात धरलं आणि मान हिसडून ओढलं.

शेजारच्या बाईंनी माझ्या मोबाईलमध्ये डोकावून विचारलं, "ओळखीची आहे का? मैत्रीण?"

"हो," मी म्हटलं. "मैत्रीण आहे."